सीएनसी लेथवर आटे पाडण्यासाठी स्पिंडलला कोणता सेन्सर लावावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुप, साकीनाका, मरोळ, वागळे इस्टेट अशा भागांतल्या गाळ्यांमध्ये जुने लेथ सीएनसी, म्हणजे कंप्युटरच्या हुकमावर चालणारे, करून देण्याचं काम मी करतो. मशीन चालू होते, सरळ टर्निंग छान येतं, मालक खूश होतो, आणि आठवड्याभरात फोन येतो: "आटे जुळत नाहीत." बहुतेक वेळा गाडी स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टच्या, सेन्सरवर येऊन थांबते. फोनवर पुन्हा पुन्हा सांगावं लागणारं सगळं इथे लिहून ठेवलं आहे.

व्हीएफडीवर आरपीएम दिसतोच की. वेगळा सेन्सर कशाला?

व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. तो दाखवतो तो मोटरला पाठवलेल्या हर्ट्झवरून काढलेला आकडा. चक खरोखर किती फिरतोय, हे त्याला ठाऊक नसतं. मोटरच्या पाटीवर १४४० लिहिलेलं असतं ते पाहा. चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि पूर्ण लोडवर मोटर १४४० वर उतरते. म्हणजे मोकळा चक आणि भारी कट यांत चार टक्क्यांचा फरक. व्ही-बेल्ट घसरला तर तो आणखी वेगळा.

पण असली गोष्ट याच्याही पुढची आहे. आटे पाडायला नुसता वेग कळून भागत नाही. चक या क्षणी नेमका कुठे आहे, म्हणजे कोन, कळावा लागतो. साध्या लेथवर गिअर लावून लीडस्क्रू, म्हणजे टूलची कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू, स्पिंडलला जखडलेला असतो. चक हाताने पाव फेरा फिरवा, कॅरेज पाव पिच (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) सरकते. वेग वाढो, कमी होवो, चक मध्येच थांबो, आटा बिघडत नाही, कारण दोघांचं नातं लोखंडाचं आहे. सीएनसीवर ती गिअरची साखळी काढून टाकलेली असते आणि तिच्या जागी उरते सेन्सरची एक केबल. गिअरने जे काम केलं तेच या केबलने करायचं आहे. सेन्सर घेताना एवढं डोक्यात ठेवलं, तर पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटतात.

ए, बी आणि झेड म्हणजे काय? तिन्ही लागतात का?

एन्कोडर म्हणजे फिरताना दर फेऱ्याला ठरावीक पल्स देणारा सेन्सर. ए आणि बी या त्याच्या पल्सच्या दोन रांगा, एकमेकींपासून पाव पल्स सरकवलेल्या. कोणती आधी येते त्यावरून फिरण्याची दिशा कळते. दोन्हींच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या की एका पल्सचे चार काउंट मिळतात. झेड ही फेऱ्यात एकदाच येणारी खूण.

झेडचं काम टर्नरला चटकन कळतं. साध्या लेथवर थ्रेड डायलवरची रेघ जुळली की आपण हाफ नट टाकतो, म्हणजे टूल दर पासला, म्हणजे कटाच्या दर फेरीला, त्याच आट्यात शिरतं. झेड म्हणजे ती रेघ. आटे पाडण्याची आज्ञा जी३३ असो, जी३२ असो, जी७६ असो, कंट्रोल (मशीन चालवणारा कंप्युटर) झेडची वाट पाहतो आणि मग निघतो. दोन तोंडी आटे पाडायचे तर दुसरा आटा याच खुणेपासून १८० अंशांवर सुरू होतो.

त्यामुळे आटे पाडायला झेड हवाच. एन्कोडर घेताना सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. ६०० पल्सचे स्वस्त एन्कोडर सगळीकडे मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच मॉडेलना ए आणि बी दोनच रांगा असतात. वायरी मोजा. दोन सप्लायच्या, दोन सिग्नलच्या आणि शील्ड, एवढंच असेल तर झेड नाही. इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रूसारख्या जोडणीत, जिथे एकदा काम सुरू केलं की मोजणी तोडायचीच नाही, तिथे असा एन्कोडर चालतो. वीज गेली की मात्र जागा हरवते.

एकच खाच पाडलेली डिस्क आणि एक सेन्सर, एवढ्यावर भागणार नाही का?

मॅक-३ सारख्या जुन्या सॉफ्टवेअरवर लोकांनी असे आटे पाडले आहेत. कंट्रोल फेऱ्यातून एकदा वेळ घेतो आणि पुढच्या फेऱ्यात तोच वेग राहील असं धरून चालतो. पितळ, अॅल्युमिनियम, बारीक पिच, हलका कट आणि जड चक असेल तर निभावतं.

आता एम२४ चा ३ मिलिमीटर पिच घ्या, माइल्ड स्टीलमध्ये. टूल धातूत शिरलं की मोटर दबते. वर म्हटलेले चार टक्के एका फेऱ्यात उतरले, तर ३ मिलिमीटरच्या पिचवर ०.१२ मिलिमीटरची चूक होते आणि कंट्रोलला ती फेरा संपल्यावरच कळते. नट बसणार नाही. धंद्याच्या मशीनवर मी हे लावत नाही.

प्रॉक्सी लावली तर? गाळ्यात पडलेलीच आहे.

प्रॉक्सी, म्हणजे समोर लोखंड आलं की चालू होणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर, चिवट असते, कुलंट आणि तेल सोसते, म्हणून सगळ्यांना तीच आठवते. तिची अडचण वेगाची आहे. एका सेकंदाला किती वेळा ती चालू-बंद होऊ शकते हे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. थ्रीडी प्रिंटरवाले वापरतात त्या १२ मिलिमीटरच्या साध्या प्रॉक्सीचा हा आकडा ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. हिशोब सोपा आहे: ६० दात्यांच्या चाकावर जितका आरपीएम तितकेच हर्ट्झ. म्हणजे ५०० आरपीएमच्या वर ही प्रॉक्सी दाते गाळू लागणार, आणि गाळलेला दाता म्हणजे हरवलेला कोन.

झेडसाठी मात्र प्रॉक्सी उत्तम. फेऱ्यात एकच पल्स, ३००० आरपीएमला फक्त ५० हर्ट्झ. स्पिंडलच्या मागच्या नटवर एक स्क्रू आणि समोर प्रॉक्सी, झालं काम. ए-बी साठी दुसरा सेन्सर आणि झेडसाठी प्रॉक्सी अशी जोडी मी जुन्या मशीनवर लावली आहे. फक्त झेडची कड ए-बीच्या कुठल्या काउंटवर पडते ते दहा-बारा वेळा फिरवून तपासा, दर वेळी तीच यायला हवी.

एसी प्रॉक्सीचा या कामाशी संबंध नाही. फार मंद असते.

हॉल सेन्सर आणि चुंबक?

ए३१४४ सारखा हॉल सेन्सर लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळतो. तो ओपन कलेक्टर असतो, म्हणजे सिग्नल फक्त खाली ओढतो, व्होल्टेज स्वतः देत नाही. वर ओढणारा पुल-अप रेझिस्टर न लावता जोडला तर काहीच येत नाही आणि माणूस सेन्सर जळाला समजतो. हाही झेडपुरता चांगला. चुंबक चिकटवण्यावर विसंबू नका, खोबण करून बसवा आणि समोरच्या बाजूला तेवढंच वजन द्या. चुंबकाला लोखंडी कीस चिकटतो हे विसरू नका.

स्पिंडलभोवती बसणारी चुंबकीय रिंग आणि वाचणारं हेड अशीही तयार जोडी मिळते. मागे बेल्टला जागाच नसेल तर ती खरोखर उपयोगी पडते, पण महाग असते.

किती पल्सचा एन्कोडर घ्यावा?

१०२४. तुमच्या कंट्रोलच्या पुस्तकात दुसरा आकडा असेल तर तो.

फॅनक कंपनीच्या कंट्रोलचा पोझिशन कोडर, म्हणजे स्पिंडलचा एन्कोडर, १०२४ पल्सचा असतो, चारपट करून ४०९६ काउंट. चिनी टर्निंग कंट्रोलांत १०२४ किंवा १२०० हे आकडे नेहमी दिसतात. ३ मिलिमीटरच्या पिचला ४०९६ ने भागा, एक काउंट पाऊण मायक्रॉनहून कमी भरतो. तुमचा बॉलस्क्रू (सीएनसीवर अक्ष सरकवणारा स्क्रू) आणि बेअरिंग एवढे अचूक नसतात. त्यामुळे २५०० किंवा ५००० पल्स घेतल्याने आटा सुधारत नाही, उलट त्रास वाढतो. १०२४ चा एन्कोडर ३००० आरपीएमला दर चॅनलवर ५१.२ किलोहर्ट्झ देतो. ५००० चा देतो २५० किलोहर्ट्झ. इतकं झेपेल असा इनपुट प्रत्येक कंट्रोलला नसतो, आणि स्वस्त एन्कोडरलाही स्वतःलाच ते झेपत नाही.

लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर पीसीच्या पॅरलल पोर्टवर चालवणाऱ्यांसाठी गणित उलटं आहे. तिथे मोजणी सॉफ्टवेअर करतं, १०२४ चा एन्कोडर ६०० आरपीएमलाच हाताबाहेर जातो. तिथे १०० पल्सचा घ्या, किंवा मेसासारखं हार्डवेअरमध्ये मोजणारं कार्ड बसवा. ब्रेकआउट बोर्डावर (पीसी आणि मशीनच्या वायरी जोडणारा बोर्ड) पीसी८१७ जातीचे ऑप्टो, म्हणजे सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारे भाग, असतील तर तेही पाहा, काही हजार हर्ट्झच्या पुढे त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

जो आकडा एन्कोडरवर आहे तोच पॅरामीटरमध्ये भरा. १२०० चा एन्कोडर बसवून पॅरामीटर १०२४ राहिला, तर दीडच्या जागी १.७६ चा पिच पडतो. आटे दिसायला सुंदर असतात, म्हणूनच चूक लवकर लक्षात येत नाही. पिच गेज लावा.

बसवायचा कुठे आणि कसा?

स्पिंडलच्या मागे, टायमिंग बेल्टने, दोन्ही पुलींना सारखे दाते. ४० ला ४०, ३६ ला ३६, काहीही, पण एकास एक. झेड ही स्पिंडलच्या फेऱ्याची खूण आहे, एन्कोडर दुप्पट फिरला तर एका फेऱ्यात दोन झेड येतील आणि टूल कोणत्या झेडवर निघेल याचा नेम नाही. काही कंट्रोलांत गुणोत्तर भरता येतं, तरी मी एकास एकच ठेवतो.

एन्कोडर थेट स्पिंडलच्या टोकाला कप्लिंगने जोडावा असं कुणी सुचवलं, तर आधी विचारा की बार स्पिंडलमधून घालणार का. घालणार असाल तर मागचं भोक मोकळं राहायला हवं.

व्ही-बेल्ट किंवा गोल बेल्ट चालत नाही, तो घसरतो. मोटरच्या शाफ्टवर एन्कोडर लावणं हीसुद्धा तीच चूक, कारण मोटर आणि चक यांच्यामध्ये व्ही-बेल्ट आहे. एन्कोडरचा टायमिंग बेल्ट फार ताणू नका. त्याचं बेअरिंग बारीक असतं, गिटारच्या तारेसारखा बेल्ट ताणला की काही महिन्यांत शाफ्ट डुगडुगू लागतो. बोटाने दाबल्यावर थोडा दबेल, पण दाता उडी मारणार नाही, एवढा ताण पुरे. पुलीचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर येतोय ना, ते पाहा. मी तिथे एक थेंब लॉकिंग लिक्विड घालतो.

लाइन ड्रायव्हर की ओपन कलेक्टर? ५ व्होल्ट की २४?

कंट्रोल जे मागतो ते. निवड तुमच्या हातात असेल तर ५ व्होल्टचा लाइन ड्रायव्हर, म्हणजे ए, ए-बार, बी, बी-बार, झेड, झेड-बार अशा सहा सिग्नल वायरींचा. दोन वायरींत उलट-सुलट सिग्नल जातो आणि कंट्रोल फक्त त्यांतला फरक वाचतो. बाहेरून आलेला आवाज, म्हणजे कानाला न येणारा विजेचा खोटा सिग्नल, दोन्हींवर सारखाच बसतो आणि वजा होऊन जातो. व्हीएफडी शेजारी असलेल्या मशीनवर याचं मोल कळतं. पैसे थोडे जास्त पडतात, मी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला खर्च करायला लावतो.

पहिले दोन पास सुरेख येतात, तिसऱ्याला आटे फाटतात. सेन्सर बदलू का?

थांबा, आधी तपासा. भांडुपच्या एका गाळ्यात मी यावर दोन दिवस घालवले आहेत. पितळी निपलचं काम होतं. पहिला पास काचेसारखा, दुसरा त्याच वाटेने, आणि तिसऱ्याला टूल सरळ आट्याच्या माथ्यावरून गेलं. पुढचा जॉब पूर्ण चांगला. त्याच्या पुढचा पुन्हा फाटका. मालकांना वाटत होतं बॉलस्क्रू ढिला आहे. मी बॉलस्क्रू पाहिला, कप्लिंग पाहिलं, एन्कोडरचा बेल्ट पाहिला. सगळं घट्ट.

मग दोन गोष्टी केल्या. आधी व्हीएफडी बंद ठेवून चकवर मार्करने रेघ मारली आणि हाताने बरोबर दहा फेरे फिरवले. स्क्रीनवर ४०९६० आले. दहा उलटे फिरवले, शून्य. म्हणजे एन्कोडर निर्दोष. मग मोटरचा व्ही-बेल्ट उतरवला आणि मोटर नुसतीच चालू केली. चक जागेवर, रेघ वर, एन्कोडर स्थिर, आणि स्क्रीनवरचा आकडा मात्र सरकत होता. मी आणि मालक दोघेही त्या आकड्याकडे बघत उभे राहिलो.

पॅनेल बाहेरून बनवून आणलेलं होतं. एन्कोडरची केबल मोटरच्या केबलला टाय मारून एकाच पाइपातून ओढली होती आणि शील्ड कनेक्टरपाशी कापून टाकलेली होती. व्हीएफडीचा आवाज मध्येच एखादा खोटा झेड देत होता. केबल वेगळी ओढली, मोटरच्या केबलपासून वीतभर दूर, जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात, शील्ड कंट्रोलच्या बाजूला अर्थ केली. त्याच एन्कोडरवर ते मशीन आजही चालू आहे.

लक्षणावरून अंदाज बांधता येतो. पिच सगळ्या जॉबना सारखाच चुकतोय तर पॅरामीटर. पास मनमानी इकडे-तिकडे पडतायत तर झेड किंवा आवाज. दर पासला एकाच दिशेने थोडं थोडं सरकतंय तर बहुधा सेन्सर नाहीच, अक्षाचा स्टेपर स्टेप गाळतोय किंवा कुठली तरी पुली सरकतेय.

आट्याची सुरुवातच खराब येते, पुढे नीट होतो.

याला सेन्सर जबाबदार नाही. अक्षाला वेग पकडायला जागा लागते. ३ मिलिमीटर पिच आणि ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० मिलिमीटर. अॅक्सिलरेशन २०० मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर तिथवर पोहोचायलाच सव्वादोन मिलिमीटर जातात. मी जॉबच्या अलीकडे तीन पिच मोकळे ठेवतो. जागा नसेल तर आरपीएम कमी करा.

आणि एका आट्याच्या दोन पासांमध्ये आरपीएम बदलू नका. अक्ष कंट्रोलच्या किंचित मागे असतो आणि हे मागे राहणं वेगाबरोबर बदलतं, त्यामुळे आटा बाजूला सरकतो. म्हणूनच आटे पाडताना जी९७ (ठरलेला आरपीएम) लावतात, जी९६ (व्यासाप्रमाणे बदलणारा आरपीएम) नाही.

पावसाळ्यात सेन्सर दगा देतो का?

मुंबईत देतो. जूनच्या मध्यापासून हवाच ओली असते. दिवसभर गरम झालेलं मशीन रात्री थंड होतं आणि हलक्या एन्कोडरच्या आत काचेच्या डिस्कवर दव धरतं. सकाळी पहिला तासभर आटे बिघडतात, मग आपोआप सुधारतात. अशी तक्रार आली की मी पावसाळ्याचाच संशय घेतो. आयपी६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बंद असलेला, एन्कोडर घ्या. उघडे ऑप्टो सेन्सर आणि खाचांची डिस्क कुलंटच्या वाफेत टिकत नाही. केबल एन्कोडरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक लोंबता वळसा द्या, थेंब तिथून गळून पडतो, आत जात नाही. दात्यांचं लोखंडी चाक असेल तर दर पंधरवड्याला पुसून तेलाचा हात फिरवा.

तळमजल्याच्या गाळ्यात जोडणीची पेटी जमिनीलगत ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवशी मिठीकाठच्या गाळ्यांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं, ते पेटी छातीच्या उंचीवर लावतात.

स्पिंडलला सर्व्हो मोटर आहे. तिच्यातला एन्कोडर पुरे ना?

मोटर आणि स्पिंडल टायमिंग बेल्टने एकास एक जोडलेले असतील आणि ड्राइव्ह ए-बी-झेड बाहेर देत असेल तर पुरे. व्ही-बेल्ट किंवा दोन स्पीडचा गिअर असेल तर स्पिंडलवर वेगळा लावा.

बीएसपी आटे पाडताना थोडी चूक राहते. सेन्सरचा दोष?

बहुधा आकड्याचा. बीएसपी म्हणजे पाइपाचे इंची आटे. अर्ध्या इंचाचा बीएसपी इंचाला १४ आटे, म्हणजे १.८१४३ मिलिमीटर. एक इंचाला ११, म्हणजे २.३०९१. कंट्रोल जितके दशांश घेतो तितके भरा, १.८ भरून मोकळे होऊ नका.

रिजिड टॅपिंगही करायचं आहे.

म्हणजे स्पिंडलच्या फिरण्याशी जुळवून टॅप आत-बाहेर नेणं. मग ए आणि बी दोन्ही हवेतच. टॅप उलटा काढताना स्पिंडलची दिशा फिरते आणि एका चॅनलला ते कळत नाही.

दुकानात नेमकं काय मागायचं?

"इन्क्रिमेंटल रोटरी एन्कोडर, १०२४ पल्स, ए-बी-झेड, ५ व्होल्ट लाइन ड्रायव्हर, ८ मिलिमीटर शाफ्ट, आयपी६५, दोन मीटर शील्ड केबल." चिठ्ठीवर लिहूनच न्या. कंट्रोल २४ व्होल्टचा असेल तर तसं लिहा. एन्कोडर मी लॅमिंग्टन रोडवरून किंवा डीलरकडून घेतो, पुली आणि बेल्ट नागदेवीला. पुलीचं भोक शाफ्टच्या मापाने तिथेच करून मागा. आणि दुकान सोडण्याआधी मॉडेल नंबरवरून झेड आहे याची खात्री करा.

जॉब चकमधून काढला आणि नंतर कळलं की आटा उथळ राहिलाय. परत पकडता येतो का?

येतो, थोडा धीर हवा. जॉब पुन्हा बांधला की झेडची खूण आणि आट्याची वाट यांचं नातं तुटलेलं असतं. टूल जॉबपासून चांगलं लांब ठेवून, हवेतच, आटे पाडण्याचा एक पास चालवा आणि आट्याच्या मध्यावर फीड होल्ड न देता नुसतं बघा, टूलचं टोक खाचेच्या किती पुढे-मागे जातंय. आरपीएम अगदी कमी ठेवा. सुरुवातीचा झेड-अक्षाचा (जॉबच्या लांबीच्या दिशेचा, एन्कोडरच्या झेडचा नव्हे) आकडा तेवढा सरकवा, पुन्हा हवेत पास, पुन्हा सरकवा. नजरेला जुळलं की आट्यांवर मार्करचा निळा रंग लावा आणि टूल जेमतेम टेकेल इतकं आत घ्या. रंग खाचेच्या दोन्ही बाजूंनी सारखा खरवडला गेला तर पुढचा कट घ्या. एकाच बाजूचा गेला तर अजून दोन-तीन शतांश सरकवायचे आहेत.